जाकीरचा नेम

नांदुऱ्याच्या आसपास कुठल्याही घरात जा. स्वयंपाकघराच्या फळीवरचा पाण्याचा एखादा गुंड खाली घ्या आणि त्याच्या गळ्याशी पाहा. टिंबाटिंबांचं, उजवीकडे किंचित झुकलेलं अक्षर दिसेल. ‘चि. सौ. कां. पंचफुला हिस मामाकडून सप्रेम भेट.’ ते अक्षर बहुतेक जाकीरचं असतं.

पंचफुलाला त्यानं पाहिलेलं नाही. मामाला पाहिलं असेल, पण आठवत नाही. लोक नाव सांगतात, तो टाकतो, भांडं पिशवीत जातं. लेकीच्या आंदणात नाव नसलेलं भांडं द्यायचं म्हणजे कुणी दिलं ते कुणाला कळणार, असं सगळ्यांना वाटतं. त्यामुळे भांडी विकणाऱ्यापेक्षा नाव टाकणाऱ्यापुढे गर्दी जास्त.

अन्नपूर्णाबाईंच्या दुकानात उंबऱ्याला लागून त्याची बैठक आहे. मांडीवर जुनं पोतं, पोत्यावर भांडं. डाव्या हातानं भांडं आवळून धरायचं. उजव्या हातात मशीन. जाड पेनाएवढी, मागे वायर. बटण दाबलं की तिची सुई थरथरते आणि स्टीलवर टिंबं पाडत जाते. तिचं टर्रर साऱ्या बाजारगल्लीला ऐकू येतं. गल्लीतल्या लोकांना आता ते ऐकूही येत नाही.

जाकीर वडनेर भोलजीचा. रोज तिथून येतो. त्याचे अब्बा, शकूर, कल्हई करायचे. घराघरातून पितळ गेलं, तशी कल्हई गेली. स्टील आलं. बारावी झाल्यावर शकूरनी मुलाला या दुकानात आणून बसवलं. “जिधर बर्तन, उधर अपन,” एवढंच म्हणाले. अन्नपूर्णाबाईंचे यजमान तेव्हा हयात होते. त्यांनी मुलाच्या हातात खडू देऊन पाटीवर नाव लिहून घेतलं. अक्षर पाहिलं आणि मशीन दिली.

संध्याकाळी त्याची दुसरी बैठक असे. गल्लीच्या टोकाला हरिओमचं ऑनलाइन सेंटर. पुढच्या खोलीत लोक सातबारा काढतात, पीकविम्याचे फॉर्म भरतात. मागे पडदा. पडद्याआड मोठे कॉम्प्युटर, आणि त्यांच्यावर बंदुकांचा खेळ. पाच जणांविरुद्ध पाच. हरिओम कप्तान. मलकापूरचे दोघे भाऊ आपल्या घरून खेळत, आणि फारसे बोलत नसत. बुलढाण्याहून अपेक्षा असे. ती कॉलेजात शिकत होती. तिला कुणी पाहिलं नव्हतं. हेडफोनमधला तिचा आवाज तेवढा ओळखीचा.

आणि जाकीर स्कोपर. लांब नळीची, दुर्बीण म्हणजे स्कोप लावलेली बंदूक संघात एकाच्याच हाती असते. इतर धावतात, ओरडतात, मरतात. स्कोपर एका कोपऱ्यात बसतो आणि एका दाराकडे बघत राहतो. त्या दारातून डोळ्याचं पातं लवेपर्यंत एक डोकं जातं. तेवढ्यात मारायचं. ज्यानं दिवस मांडीवर भांडं घेऊन काढला, त्याला थांबायला शिकवावं लागत नाही. जाकीर दाराकडे बघू लागला की पलीकडचे दुसरी वाट शोधत. अशी त्याची कीर्ती होती.

उन्हाळ्यात नागपूरला स्पर्धा होती. मोठा हॉल, स्टेजवर कॉम्प्युटर, समोर बसलेली माणसं. त्याआधी ऑनलाइन सामने. शेवटचा जिंकला की नागपूर. जाकीर आजवर अकोल्याच्या पुढे गेला नव्हता.

“अम्मी, मैं नागपूर जाऊंगा. खेलने.”

“क्या खेलने?”

“निशाना.”

अम्मीनं, म्हणजे खुर्शीदाबींनी, मोहल्ल्यात सांगून टाकलं, मुलगा बंदुकीच्या निशाण्यात निवडला गेला. दुसऱ्या दिवशी दोन म्हातारे शकूरकडे चौकशीला आले. बंदुकीचं लायसन कुठून काढलं म्हणून.

होळी झाली. लगनसराई सुरू झाली. आणि जाकीरचा नेम हलायला लागला.

ते आधी हरिओमला दिसलं. खेळात तो मेलेला होता, म्हणून जाकीरच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

“काऊन बे, हालून काऊन राह्यलं?”

“का?”

“तुहा स्कोप. भूकंप आल्यावानी करून राह्यला.”

जाकीरनं पाहिलं. स्कोप नसताना सगळं जागच्या जागी. स्कोप लावला की मधली काळी फुली एका विटेवरून शेजारच्या विटेवर जायची, परत यायची. बारीक हालचाल. समईची वात हलते तशी.

“सेन्सी जास्त झाली असन,” तो म्हणाला.

माउस हातानं वीतभर सरकवला तर पडद्यावरची नजर किती वळावी, हे एका आकड्यावर ठरतं. त्याला ही मुलं सेन्सी म्हणतात. स्कोप लावला की लांबचं दार नाकाशी येतं. मग तीच सेन्सी फार होते. नखाएवढा धक्का बसला तरी नजर माणसावरून सुटून आभाळात जाते. म्हणून स्कोपसाठी वेगळा आकडा ठेवायची सोय असते. तो ज्याचा त्यानं शोधायचा. चपलेसारखं आहे ते. दुसऱ्याची पायात बसत नाही.

जाकीरचा आकडा ठरलेला होता. खूप दिवसांपासून त्यानं त्याला हात लावला नव्हता. आता लावला. थोडा कमी केला. फुली शांत झाली. सगळे खूश. पुढच्या डावात दारातून एक जण गेला. जाकीरनं माउस ओढला. फुली चिखलातल्या बैलगाडीसारखी निघाली. ती दाराशी पोचली तेव्हा तो माणूस अपेक्षाला मारून परत गेलेला होता.

“जाकीर, झोपलास का?” हेडफोनमधून अपेक्षा.

“सेटिंग करून राह्यलो ना, बाई.”

“मी मेल्यावर करत जा.”

आकडा वाढवला. फुली पुन्हा विटांवर नाचायला लागली. कमी केला तर पोचत नाही, वाढवला तर ठरत नाही. दोन्हींच्या मधे कुठंतरी त्याची जुनी जागा होती. ती सापडत नव्हती. कधी सापडायची. एका संध्याकाळी सापडली, आणि जाकीरनं असा खेळ केला की मलकापूरचे दोघे भाऊ बोलले. “मस्त,” असं म्हणाले. हरिओमनं तो आकडा भिंतीवर पेननं लिहून ठेवला. तीन-चार दिवसांनी त्याच आकड्यावर जाकीरला समोर उभा असलेला माणूस मारता आला नाही.

“कोनीतरी पोट्टं येऊन सेटिंग बदलवून जाते,” हरिओम म्हणाला. दुपारी शाळेतली मुलं तिथं खेळायला येत. त्यानं मॉनिटरवर कागद चिकटवला. ‘सेटिंगला हात लावू नये. हुकुमावरून.’ सेटिंग तर भिंतीवरच्या आकड्याशी जुळत होती. मग कॉम्प्युटरमध्ये दोष असेल. त्यानं नवा माउस आणला. टेबल डुगडुगतं म्हणून पायाखाली लग्नपत्रिका घडी करून घातली. कॉम्प्युटर तापले की माउस वेडा होतो, असं त्यानं कुठंतरी वाचलं. मेहुण्याकडचा जुना एसी आणून त्यानं जाकीरच्या डोक्यावर बसवला.

“आता पाह्य. मशीन थंडी, डोस्कं थंडं. आता तं बापालेबी नाही चुकत.”

पडद्यापुढे सातबाऱ्याची माणसं घामानं भिजत. पडद्यामागे ही मुलं गारठून बसत. नेम हलायचा तो हललाच.

एकदा डाव संपल्यावर अपेक्षा म्हणाली, “एक सांगू का? हसायचं नाही.”

“सांग.”

“जाकीर, तीथ जवळ आली की तू चुकतोस.”

“कोनती तीथ?”

“लग्नाची. मागं हिवरा आश्रमला माझ्या छायाताईचं लग्न होतं. आदल्या संध्याकाळी माझ्या एका हाताला मेंदी, दुसऱ्या हातानं मी खेळत होते. तू एकही नेम धरला नाहीस. त्याआधी मावसभावाचं लग्न. तेव्हाही तेच. मधे पंधरवडाभर तीथ नव्हती. तेव्हा तू राजासारखा खेळलास.”

मग हरिओम खुर्चीतून घसरायच्या बेतानं हसला.

“मुसलमानाच्या पोट्ट्याले हिंदूची तीथ भोवते! याले भटजीले दाखवा लागते आता.”

“भटजी म्हनन मौलानाकडं जाय,” जाकीर म्हणाला. “मौलाना म्हनन, बेटा, ये मेरे सिलेबस में नहीं है.”

“हसा,” अपेक्षा म्हणाली. “तुम्ही घाटाखालचे लोक हसण्यावारीच नेता सगळं. शेवटच्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी मोठी तीथ आहे. पाहून घ्या.”

“बुलढाण्याच्या घाटावरच्यांनी आता पंचांगबी सांगायले सुरुवात केली का?” हरिओम म्हणाला. तो विषय तेवढ्यावर संपला.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जाकीर सकाळपासून मान खाली घालून बसला होता. एकामागून एक भांडी. कोपर, गंज, परात, गडवा, पुन्हा परात. दुपार उलटून गेली तेव्हा त्याला तहान लागली. त्यानं बटण बंद केलं. मशीन खाली ठेवली. टेकायला म्हणून उजवा हात शेजारच्या वाट्यांच्या चळतीवर ठेवला.

वाट्या किणकिणायला लागल्या.

“कोन वाजवून राह्यलं रे?” अन्नपूर्णाबाई गल्ल्यावरून म्हणाल्या.

जाकीरनं हात उचलला. आवाज थांबला. त्यानं हात पुन्हा ठेवला. वाट्या पुन्हा किणकिणल्या. बारीक, एकसारख्या. लांबून जाणारी मालगाडी घरातल्या भांड्यांना कळते तशा.

त्यानं हाताकडे पाहिलं. मशीन बंद होती. हात चालू होता.

उद्या तीथ होती. म्हणून आज भांडी. म्हणून आज मशीन दिवसभर. आणि संध्याकाळी स्कोप.

अपेक्षाचं म्हणणं त्याला आता समजलं. समजलं तसं हसूही आलं, आणि ते अर्ध्यावर राहिलं. त्यानं नुकतीच नाव टाकलेली परात उचलली आणि उजेडात धरली. अक्षर सुरेख होतं. वेलांटीला वळण, अनुस्वार जागेवर. मग त्याच्या लक्षात आलं. मशीनची सुई मुळातच थरथरते. तिच्या थरथरीत हाताची थरथर कुणाला दिसणार? स्टीलवर सगळीच टिंबं. दाखवलं ते फक्त स्कोपनं. इतके दिवस तो दाखवत होता, आणि हे सगळे मिळून त्याचाच आकडा बदलत होते.

हरिओमनं त्याला मोटारसायकलवर खामगावला नेलं. डॉक्टर तरुण होते.

“काय त्रास होतो?”

“नेम हालते,” हरिओम म्हणाला. “म्हंजे स्कोपमंदी, डॉक्टरसाहेब. तसा नाही हालत.”

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “काय काम करता?”

जाकीरनं सांगितलं. डॉक्टरांनी त्याच्या हातात पेन दिला आणि मशीन कशी धरतो ते दाखवायला लावलं. मग एकेक नख दाबून पाहिलं. दाबून सोडलं की नख गुलाबी व्हायला हवं. त्याचं उशिरा होत होतं.

“हिवाळ्यात बोटं पांढरी पडतात? सुन्न होतात?”

“पडत होती. सकाळी नळावर. अम्मीनं खोबऱ्याचं तेल लावलं.”

“कधीपासून?”

जाकीरला नक्की सांगता येईना. बोटं पांढरी पडतात ही सांगायची गोष्ट आहे, हेच त्याला माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, थरथरणारी यंत्रं वर्षानुवर्षं धरली की हाताच्या बारीक नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात. रस्ता फोडणाऱ्यांना होतं, दगड कापणाऱ्यांना होतं. तुमची मशीन लहान आहे, पण तुम्ही ती सोडतच नाही. मशीन बंद करा. काही महिने बंद ठेवलीत तर कंप कमी होईल. सुन्नपणा जाईल की नाही, ते आज सांगता येत नाही. चालू ठेवलीत तर मात्र वाढेल.

“डाव्या हातानं माउस धरला तं?” हरिओमनं विचारलं.

“डाव्या हातानं काय करता?” डॉक्टरांनी जाकीरला विचारलं.

“भांडं धरतो.”

डॉक्टरांनी डाव्या हाताची नखं दाबून पाहिली. तीही उशिरा गुलाबी झाली. कागदावर गोळ्या लिहिल्या. निघताना म्हणाले, “हात थंडीपासून जपा.”

बाहेर झाडाची पानंही हलत नव्हती. मोटारसायकलच्या सीटला हात लावणं कठीण झालं होतं.

“थंडीपासून जपा,” हरिओम म्हणाला. “अन् हे मे महिन्यात! नवीन हाय वाटते डॉक्टर. पुण्याकडून आला असन.”

दोघं हसले. बऱ्याच वेळानं मिळालेली हसायची जागा होती ती.

नांदुरा जवळ आल्यावर हरिओम मागे न बघता म्हणाला, “सेन्सी अजून थोडी कमी करून पाहू का?”

दोघांनाही माहीत होतं, तिच्यात आता काही नाही.

“हाव,” जाकीर म्हणाला. “पाहू करून.”

त्यानं अन्नपूर्णाबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्याचा हात आपल्या हातात घेतला. तो हलतो हे त्यांना कळलं, तसा घाईनं सोडला.

“अरे बापा. मले सांगाचं नाही का आधी?”

“मलेच माहीत नव्हतं, काकू.”

“मंग नोको करू. ठेव ते मशीन तथी. काही मरत नाही कोनी नावाविना.”

त्या मनापासून म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जाकीर आला तर त्याच्या जागेवर त्या स्वतः बसलेल्या. मांडीवर पोतं, पोत्यावर स्टीलचा कोपर, डोळ्यांवर चष्मा. त्यांनी त्याला गल्ल्यावर बसवलं. समोर सोजराबाई नावाची एक बाई उभी होती. नातीच्या लग्नाची खरेदी, सोबत घरच्या चार बायका. अन्नपूर्णाबाईंनी बटण दाबलं. मशीन त्यांच्या हातात उंदरासारखी पळाली.

सोजराबाईंनी कोपर उचलून पाहिला. जवळ धरला. लांब धरला.

“हे काय लिवलं वो बाई?”

“मयुरी हिस.”

“हे मयुरी हाय? कोंबडी चालली वाटते याच्यावरून. हे पाहून नवरीले सासू पहिल्याच दिवशी उभं करन ना.”

“मी हात बसवून राह्यली ना. बसन हळूहळू.”

“तुमचा हात बसेपर्यंत आमची मयुरी बाळंतीण होईन.” सोजराबाईंनी जाकीरकडे पाहिलं. “हा पोरगा काऊन बसवला तथी? याच्याच अक्षरासाठी आलो आम्ही. समोरच्या दुकानात कॉम्प्युटरनं टाकतेत, ते वाचता येते पन मानसाचं वाटत नाही.”

अन्नपूर्णाबाईंनी चष्मा सारखा केला. त्यांनी दुसरं भांडं घेतलं. सुई पुन्हा सटकली आणि गुंडाच्या पोटावर लांब ओरखडा उठला. गुंड वाया गेला. मागे आणखी माणसं येऊन उभी राहिली होती. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी समोरच्या दुकानाकडे. अन्नपूर्णाबाईंच्या कपाळावर घाम होता. त्या जाकीरकडे बघत नव्हत्या. मुद्दाम बघत नव्हत्या.

जाकीर गल्ल्यावरून उठला. त्यानं त्यांच्या हातातून मशीन घेतली. त्यांनी ती घेऊ दिली.

“एवढी सराई,” त्या हळूच म्हणाल्या. “मंग नाही धरायची. आन घे माही.”

“हाव, काकू.”

“नाव सांगा,” तो सोजराबाईंना म्हणाला.

शेवटच्या सामन्याचा दिवस उजाडला. उद्याची तीथ मोठी होती. रोहिणखेडहून एक कुटुंब आख्खं आंदण घ्यायला येणार होतं. सामना दुपारचा. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, “जाय तू. पार्टी आली तं बसवीन मी. चहा पाजीन.”

जाकीर गेला. सकाळभर मशीन चाललेली होती. हात जड होता, पण त्यानं तो पाहिला नाही. हरिओमनं पुढचं सेंटर बंद केलं होतं. मोठा सामना म्हणून एसी पूर्ण सोडला होता. पडद्यामागे आत गेल्यावर घाम एकदम वाळला.

“बरं वाटलं का?” हरिओमनं विचारलं.

“लय.”

अपेक्षाला आणि मलकापूरवाल्यांना डॉक्टरचं काही सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. सांगितलं असतं तर अपेक्षानं बंदूक दुसऱ्याला द्यायला लावली असती. द्यायला दुसरं कुणी नव्हतं. तसं खरं पाहिलं तर अपेक्षा होती. तिनं एक-दोनदा स्कोप लावून बरे नेम मारले होते. पण ते जाकीरनंही म्हटलं नाही, हरिओमनंही नाही.

स्कोपचा आकडा त्यांनी इतका खाली आणला होता की दारावर नजर आधीच ठेवून बसावं लागे. माणूस आपल्या पायांनी फुलीत येईपर्यंत थांबायचं. जाकीरनं तसं केलं. आणि जमलं. पहिला गेला, दुसरा गेला. दोन्ही संघ बरोबरीनं चालले होते. अपेक्षा ओरडत होती. हरिओमनं खुर्चीवर पाय घेतले होते.

“आज तीथ नाही का ग, अपेक्षा?”

“उद्या आहे. बोलू नका. नजर लागेल.”

मधे कधीतरी जाकीरला वाटलं, माउस हातात नाही. त्यानं खाली पाहिलं. हातातच होता. तो पुन्हा पडद्याकडे बघू लागला.

शेवटचा डाव. जो जिंकेल तो नागपूरला. हरिओम मेला. मलकापूरचे दोघे एकामागून एक मेले. पलीकडे एकच उरला. इकडे अपेक्षा आणि जाकीर. अपेक्षाला एका जागी बसून बॉम्ब निकामी करायचा होता. बसलं की बंदूक उचलता येत नाही. तो एकटा यायचा तर एकाच दारातून येणार होता.

“मी बसते,” अपेक्षा म्हणाली. “दार तुझं.”

“बस. मी हाओ.”

फुली दारावर होती. हलत होती, पण दाराच्या आतच. जाकीर श्वास रोखून बसला. हरिओम त्याच्या मागे येऊन उभा राहिला.

तो आला. पळत आला नाही. दारात थांबला, आत डोकावला. फुली त्याच्या छातीवर होती. इतका सोपा नेम गेल्या कित्येक दिवसांत आला नव्हता.

जाकीरनं बटण दाबलं.

तो माणूस उभाच राहिला.

“मार ना,” अपेक्षा म्हणाली. “जाकीर, मार!”

“मारलं!”

“मार ना रे!”

“मारलं ना, अपेक्षा!”

मग अपेक्षा मेली. तिच्यानंतर तो जाकीरकडे वळला.

एसीचा आवाज तेवढा येत होता.

“तू मारलंच नाहीस,” अपेक्षा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. काय झालं ते तिला समजत नव्हतं. “गोळीचा आवाजच आला नाही.”

“दाबलं मी. खरंच दाबलं.”

हरिओम वाकला. माउसवर जाकीरचं बोट होतं. टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत पांढरं. खडूसारखं. बटणावर नुसतं ठेवलेलं. शेजारचं बोटही तसंच. हरिओमनं ते बोट उचललं. गार होतं.

“हे कळून राह्यलं का तुले?”

“का?”

“मी धरलं, हे.”

जाकीरनं बोटाकडे पाहिलं. आपलं आहे की दुसऱ्याचं, असं पाहिलं. “नाही.”

हरिओमनं वर पाहिलं. एसीचा झोत सरळ त्या टेबलावर येत होता. त्यानंच तो तसा बसवला होता.

“थंडीपासून,” तो म्हणाला. उडी मारून त्यानं एसीचं बटण बंद केलं. मग जाकीरपुढे खाली बसला आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळायला लागला. जोरात, अडाण्यासारखा. हेडफोनमधून अपेक्षा विचारत होती, “काय झालं? अरे, कुणीतरी बोला ना.” मलकापूरचा एक भाऊ म्हणाला, “चालते, पुढच्या वर्षी.” ते ऐकायलाही कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं बोटं लाल व्हायला लागली. तशा कळा सुटल्या. जाकीरनं ओठ दाबून धरले.

“दुखते?”

“हाव. दुखू दे.”

त्यानं हात सोडवून घेतला. माउसवर ठेवला. बटण दाबलं. बंद खोलीत ते मोठ्यानं वाजलं. पडद्यावर मारायला कुणी नव्हतं. त्यानं पुन्हा एकदा दाबलं.

“आता कळून राह्यलं,” तो म्हणाला.

हरिओमनं तोंड फिरवलं. त्यानं सेटिंगची खिडकी उघडली, आकड्याकडे पाहिलं आणि तशीच बंद केली.

टेबलावरचा फोन वाजला. अन्नपूर्णाबाई.

“जाकीर, संपलं का रे तुहं? रोहिणखेडची पार्टी बसेल हाय. चहाबी झाला त्याईचा.” मग जरा थांबून, “येतं का बापा? का सांगू जायले?”

जाकीरनं उजव्या हाताची मूठ केली. उघडली.

“येतो, काकू. बसू द्या.”

“जिंकले का तुम्ही?”

“येऊन सांगतो.”

“नोको जाऊ ना बे,” हरिओम म्हणाला.

“मंग कोन टाकन?”

हरिओमनं पडदा बाजूला धरला. पुढच्या खोलीचं शटर त्यानं अर्धं वर केलं. जाकीर वाकून बाहेर आला. गल्लीत उन्हानं कुणी नव्हतं. एका बाजूला दुकानांच्या छपरांची सावली होती. रोज तो त्या बाजूनं जायचा. आज उन्हाच्या बाजूनं निघाला. बोटं पसरलेली, तळवे वर केलेले. ऊन हातांना लागत होतं, आणि लागलेलं कळत होतं. दुकान येईपर्यंत तो सावकाश चालला.